जुने उपकरण समक्ष पाहिले

आमच्या कॉलेजात वायफाय आलं त्या दिवशी त्याला हार घातला होता. ग्रंथालयाच्या भिंतीवर, 'शांतता राखा' या पाटीशेजारी बसवलेल्या पांढऱ्या डबीला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि खाली उदबत्ती. डबी बसवायला नगरहून आलेला मेकॅनिक कोपऱ्यात उभा राहून एवढंच म्हणत होता, "नारळ जरा लांब फोडा साहेब, पाणी उडालं तर वॉरंटी जाईल." नारळ व्हरांड्यात फोडला. प्रमुख पाहुण्यांनी अर्धा तास बोलून आता सगळं जग आपल्या माळावर येणार असल्याचं जाहीर केलं, स्वतःचा मोबाईल जोडून घेतला, टाळ्या झाल्या आणि गाड्यांचा ताफा धूळ उडवत गेला. पाहुणे पुन्हा आले नाहीत. जगाचंही तसंच.

थट्टा करतो खरी, पण वायफायची गरज होती हे कबूल केलं पाहिजे. आमचं कॉलेज जामखेडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, उघड्या माळावर आहे. इमारत दगडी. मोबाईलची रेंज आत एखादी काडी येते, तीही खिडकीला चिकटून उभं राहिलं तर. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तेवढीही नाही. मी इथला ग्रंथपाल. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. माझा मोबाईल बटणांचा आहे. त्याच्यावर फोन येतो, त्याच्यावरून फोन जातो आणि वीज गेली की त्याची टॉर्च लागते. मला तेवढं पुरतं.

वायफायचा पासवर्ड दोन दिवसांत स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आठवड्याच्या आत कॉलेजच्या कुंपणाला लागून मोटारसायकलींची रांग लागायला लागली. तरुण पोरांना कॉलेजची एवढी ओढ मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. आतल्या मुलांना मात्र एक पान उघडायला दहा मिनिटं लागत. प्राचार्यांनी मेकॅनिकला परत बोलावलं.

मेकॅनिक पस्तिशीचा, मिश्कील माणूस. तो म्हणाला, "सर, पासवर्ड माणूस माणसाला सांगतो. ते बंद नाही होत. आपण माणसाला विचारायचंच नाही. सरळ मोबाईल ओळखायचा."

मग त्याने समजावलं. जाळ्याला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्रात, मग तो मोबाईल असो की संगणक की प्रिंटर, कारखान्यातच एक बारा खुणांचा पत्ता घातलेला असतो. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या, उरलेल्या तीन त्या एकट्या यंत्राच्या. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. भिंतीवरच्या डबीत अशा पत्त्यांची यादी भरायची. यादीतलं यंत्र आलं तर आत घ्यायचं, नसेल तर दारातूनच परत पाठवायचं.

प्राचार्यांना हे फार आवडलं. त्यांनी त्याच दिवशी समिती नेमली. समितीचं नाव 'आंतरजाल सुरक्षा व उपकरण नोंदणी समिती'. अध्यक्ष स्वतः प्राचार्य, सदस्य तीन प्राध्यापक आणि सचिव मी. मी म्हणालो, "सर, माझ्याकडं असला मोबाईलच नाही."

"म्हणूनच," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही निःपक्षपाती आहात. शिवाय तुमच्याकडं कुलूप असलेलं कपाट आहे."

अशा रीतीने मी, ज्याच्या खिशातल्या यंत्राला असला पत्ताच नव्हता, तो साऱ्या कॉलेजच्या यंत्रांचा तलाठी झालो. लांबट, कापडी पाठीचं एक रजिस्टर आणलं, रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, वर्ग, उपकरणाचा पत्ता, सही, शेरा. पहिल्या ओळीत प्रमुख पाहुण्यांचा मोबाईल, लाल शाईत.

पत्ता शोधायचा कसा हे मी मेकॅनिकच्या शेजारी बसून शिकलो. पहिल्या दिवशी पन्नासेक मोबाईल त्यानेच जोडले, मी नुसता लिहीत होतो. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जायचं, तळापर्यंत खाली यायचं, 'अबाऊट फोन', मग 'स्टेटस', तिथं वायफायचा मॅक ॲड्रेस लिहिलेला असतो. प्रत्येक कंपनी तो वेगळ्या फडताळात लपवते, पण घर धुंडाळलं की सापडतो. संगणकावर काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग', तिरकी रेघ आणि 'ऑल' असं टंकायचं. मग जी लांबलचक यादी येते तिच्यात 'फिजिकल ॲड्रेस' बघायचा. एका संगणकात हे पत्ते दोन-दोन असतात, एक वायरीचा, एक वायफायचा. मी कार्यालयातल्या लॅपटॉपचा वायरीचा पत्ता नोंदवला आणि हेडक्लार्क दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मुलंही कमी नव्हती. बारा खुणा आणा म्हटलं की निम्मी पंधरा आकडे घेऊन यायची. दुकानदाराने त्यांना चांदणी-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायला सांगितलेलं असायचं. त्याने मोबाईलचा वेगळाच क्रमांक निघतो, चोरी झाल्यावर पोलिसांना द्यायचा. एक जण तर म्हणाला, "सर, तीन जास्तीचेच दिलेत, त्यातले तुमच्या पसंतीचे बारा घ्या."

मेकॅनिक गेल्यावर उरलेली मुलं मी एकट्याने नोंदवली. बरेच मोबाईल सुरळीत जोडले गेले. सात-आठ मोबाईल काही केल्या जोडले जाईनात. पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी डबी त्यांना आत घेईना. मी दोनदा तपासलं, तीनदा तपासलं आणि त्यांच्या नावांपुढं शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मोबाईल सदोष'. मुलांनी मान डोलावली. आमच्याकडं मुलांना कुणी सदोष म्हटलं तर ती सहसा वाद घालत नाहीत, आणि इथं तर बोलणं मोबाईलवर निभावलं होतं.

पावसाळा सरता सरता आणखी एक भानगड उघडकीला आली. दोघा-तिघांनी आपला नोंदवलेला मोबाईल बाहेरच्या मित्राला देऊन टाकला होता आणि दुसरा आपल्या नावावर चढवायला आले होते. प्राचार्यांनी समितीची बैठक घेतली. चहा, क्रीमरोल आणि एक ठराव: 'उपकरण बदलावयाचे असल्यास जुने उपकरण समितीसमोर समक्ष दाखवून रद्द करून घ्यावे, त्याशिवाय नव्या उपकरणाची नोंद करू नये.' मी रजिस्टरात सातवा रकाना आखला: 'जुने उपकरण समक्ष पाहिले / नाही.' ठरावाला अनुमोदन मीच दिलं होतं हेही इथं सांगून टाकतो.

दसरा झाला आणि आमच्या भागातली गावं नेहमीप्रमाणे रिकामी व्हायला लागली. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. भांडी, शेळ्या, कोंबड्या, लहान पोरं सगळं घेऊन. मोठी पोरं शाळा-कॉलेजसाठी गावात मागं राहतात, कुणा चुलत्याकडं, कुणा आत्याकडं. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम विचारतो, "तुझ्या वाडीतून कोयते किती?" आणि 'चौदा' असं उत्तर आलं तर अठ्ठावीस माणसं समजायची. दोन जिवांना मिळून एका अवजाराचं नाव द्यायची ही रीत मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि तिच्यात काही खटकण्यासारखं आहे हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं. माणसांऐवजी यंत्रांची यादी करणारं आमचं रजिस्टर नवं म्हणून आम्ही मिरवत होतो, एवढंच.

संक्रांत होऊन गेली होती. एका मंगळवारी दुपारी शेवटच्या वर्षाला शास्त्र शिकणारी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. नेमाने पुस्तकं नेणारी, नेमाने परत करणारी. इतकी शांत, की कधी आली आणि कधी गेली हे फक्त पुस्तकाच्या कार्डावरून कळायचं.

"सर, वायफाय लागंना."

"मोबाईल तोच आहे का?"

"न्हाई सर. तो आईकडं गेला. कारखान्यावर."

मी रजिस्टर काढलं. तिचं नाव होतं, पत्ता होता, सही होती. "हे बघ, इथं तुझ्या नावावर आहे."

"नाव माझंय सर," ती म्हणाली, "पण मोबाईल घराचा हाय."

मग तिने सांगितलं ते बाकीच्या मुलांच्या घरी काय होत असेल याचंही उत्तर होतं. घरात मोबाईल दोन. एक चांगला, एक काच तडकलेला. तोडीला जाताना चांगला मोबाईल कोपीवर जाणार हे ठरलेलं. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. तिथं वीज नसते, म्हणून बॅटरी दोन दिवस टिकणारा मोबाईल लागतो. मुकादम पहाटे फोन करतो, तो लागलाच पाहिजे. हंगाम संपला की मोबाईल परत घरी. त्यात माझा-तुझा असं काही नसतं.

"मग हा तडकलेला आणलास?"

"व्हय. गुरुवारी अकरा वाजता मुलाखत हाय सर. मोबाईलवर."

मुलाखत पुण्यातल्या एका संस्थेची होती. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा निवासी अभ्यासक्रम, राहायला जागा, पुढं कामाची खात्री. लेखी परीक्षा तिने पार केली होती. गावात रेंज नाही, कॉलेजात वायफाय आहे, म्हणून ती निर्धास्त होती. दुसऱ्या कुणाचा मोबाईल घे म्हणालो, तर म्हणाली, त्या संस्थेचं ॲप याच मोबाईलवर तिच्या नावाने पक्कं झालंय, दुसऱ्यावर उघडत नाही. म्हणजे त्यांच्याकडंही मोबाईललाच ओळखत होते. ग्रंथालयाच्या संगणकाला तर कॅमेराच नव्हता.

"आणि चुकली तर? पुढची तारीख?"

"पुढची न्हाई. हजर न्हाई तर नाव कट. मग पुढच्या दसऱ्याला मी बी कारखान्यावर. कोयता लागतोच, सर. चुलता आत्ताच स्थळं बघायलाय."

कोयता लागतोच याचा अर्थ आमच्याकडं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जोडी लागते, म्हणून लग्न.

मी तिच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन बारा खुणा चिठ्ठीवर उतरवून घेतल्या आणि प्राचार्यांकडं गेलो.

"जुना मोबाईल दाखवला का?" त्यांनी विचारलं.

"तो कोल्हापूरकडं उसाच्या फडात आहे."

"मग मागवून घ्या. कुरियरने."

"सर, मुकादमाचा फोन..."

"मग समितीपुढं ठेवा. पहिल्या सोमवारी बैठक आहेच."

"मुलाखत परवा आहे."

प्राचार्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही. पण त्यांना सहीची भीती वाटते, आणि अशा माणसाला धीर देणं माझ्याच्याने कधी जमलं नाही. ते म्हणाले, "नियम कुणी केला? आपणच ना? आज हिच्यासाठी मोडला, उद्या रांग लागेल."

"पाहुण्यांनी एव्हाना मोबाईल बदलला असेल," मी म्हणालो. "पहिल्या ओळीतला. त्यांनाही जुना घेऊन समक्ष बोलवायचं का?"

"ते वेगळं," प्राचार्य म्हणाले आणि चष्मा लावून कागदाकडं बघायला लागले.

आता माझी चूक सांगतो. त्याच दुपारी नोंद करायला पाहिजे होती. किल्ली माझ्याकडं, डबीचा पासवर्ड माझ्याकडं. पण ठरावाला अनुमोदन दिलेला मी, बुधवारचा अख्खा दिवस कपाटाभोवती घुटमळत राहिलो. नियमांची थट्टा करणं वेगळं आणि आपल्याच अक्षरातला नियम मोडणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं. कॉलेज सुटायच्या सुमाराला बसलो, तिचा नवा पत्ता यादीत घातला, रजिस्टरात लिहिला आणि सातव्या रकान्यात 'नाही' एवढंच लिहिलं. खाली सही केली. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहूनही काम होत होतं.

गुरुवारी ती पावणेदहाच्या एसटीने आली. इस्त्रीचा निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळी प्रमाणपत्रं. तिला आतल्या वाचनखोलीत बसवलं, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला. तिने वायफाय दाबलं.

लागलं नाही.

पुन्हा दाबलं. नाही. मी चिठ्ठी आणि यादी ताडून पाहिली. बाराच्या बारा खुणा बरोबर. मोबाईल बंद करून चालू केला. नाही. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलगी माझ्याकडं बघत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर रजिस्टरातला शेरा आला: 'मोबाईल सदोष'. मागच्या सात-आठ वेळांसारखं मान हलवून तेच म्हणणं फार सोपं होतं.

"सर, मोबाईल खराब हाय का?" तिनेच विचारलं.

"थांब," मी म्हणालो. कारण एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सुचली. डबी ज्यांना परत पाठवते त्यांचीही यादी ठेवते. मेकॅनिकने दाखवलं होतं, मी कधी उघडली नव्हती. ग्रंथालयाच्या संगणकावर ती उघडली. सगळ्यात वर, नुकताच दारातून परत गेलेला एक पत्ता होता. माझ्या चिठ्ठीवरचा नव्हता. अगदी वेगळा.

"परत दाब गं."

तिने दाबलं. तोच परका पत्ता, वेळ नवी.

"परत."

पुन्हा तोच. वाचनखोलीत आम्ही दोघंच. म्हणजे हा परका दुसरा कुणी नव्हता, हा तिचाच मोबाईल होता, आणि तो दारात वेगळं नाव सांगत होता.

मी माझा बटणांचा मोबाईल घेऊन खिडकीला चिकटून उभा राहिलो, एका काडीवर. मेकॅनिक नगरमध्ये कुठल्यातरी शिडीवर होता.

"सर, दुसरी खूण सांगा त्या पत्त्यातली," तो म्हणाला.

"ए."

"मग बरोबर. दुसऱ्या जागी दोन, सहा, ए नाहीतर ई दिसलं ना, की समजायचं मोबाईल तोंडाला फडकं बांधून आलाय. नवे मोबाईल तसंच करतात. प्रत्येक वायफायला बनावट पत्ता देतात, कुणी माग काढू नये म्हणून. खरा पत्ता आत सेटिंगमध्ये असतो, तो तुम्ही लिहिलात."

"मग तू त्या दिवशी केलेस ते कसे लागले?"

"मी प्रत्येकाचं फडकं काढत होतो की सर. तुमच्यासमोर."

"मला नाही दिसलं."

"तुम्ही वहीत बघत होता."

वायफायच्या नावावर टिचकी मारायची, आत 'प्रायव्हसी' असं असतं, तिथं 'रँडमाइज्ड मॅक' आहे ते बदलून 'डिव्हाइस मॅक' करायचं. एवढंच. त्याने सांगितलं, मी मोठ्याने म्हणत गेलो, मुलगी करत गेली. दहा बेचाळीसला तडकलेल्या काचेखाली पंखा उघडल्यासारख्या तीन रेघा उमटल्या.

"लागलं," ती म्हणाली. मेकॅनिक पलीकडून "चला, उतरतो आता," म्हणाला, बहुतेक शिडीवरून.

मी बाहेर माझ्या टेबलामागं बसलो. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण ग्रंथालय शांत असतं हा त्याचा दोषच आहे. सुरुवातीला तिचा आवाज येईना. मग कुणीतरी विचारलं की कुठलं उपकरण स्वतःच्या हाताने वापरलं आहे. तिने सूक्ष्मदर्शकाचं नाव घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडं तीन आहेत, त्यातला एक चालतो, त्याचाही आरसा ढिला आहे, तो कागदाची घडी घालून बसवावा लागतो, आणि ती घडी कशी घालायची. पलीकडं कुणीतरी हसलं. चांगलं हसलं. मग विचारलं, आईवडील काय करतात. ती म्हणाली, "ऊसतोड. सध्या कारखान्यावर आहेत." आवाज जराही खाली आला नाही. घरी ती 'हाय' म्हणायची, तिथं 'आहेत' म्हणाली, एवढाच फरक.

तिची निवड झाली हे पंधरा दिवसांनी कळलं. त्याआधी मी दुसरं एक काम केलं. 'मोबाईल सदोष' शेऱ्याच्या सगळ्या मुलांना बोलावलं आणि एकेकाचं फडकं काढलं. शेरे खोडून खाली लिहिलं: 'नोंदणी सदोष'. एक मुलगा म्हणाला, "सर, मी तर दुसऱ्या मोबाईलसाठी घरात भांडत होतो सहा महिने." मी माफी मागितली. त्याने मान डोलावली. नंतर वर्गातल्या पोरांना त्याने सांगितलं म्हणे, सर स्वतःच बिघडले होते.

त्या फडक्याबद्दल मात्र मी बरेच दिवस विचार करत होतो. आमचं घराणं मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती. चर्चच्या जुन्या वहीत माझ्या खापरपणजोबांची दोन नावं आहेत, एक जन्माचं, एक बाप्तिस्म्याचं. वहीने त्यांना नव्या नावाने ओळखलं, गाव अखेरपर्यंत जुन्याने हाक मारत राहिलं, आणि घरचे सांगत की ते दोन्हींना 'ओ' द्यायचे. त्यांचं खरं नाव कुठलं हा प्रश्न लहानपणी मला फार महत्त्वाचा वाटायचा. आता वाटतं, दारात उभ्या असलेल्या माणसाने कुठलं नाव सांगितलं यावर इतका खल करणारी माणसं बहुतेक वेळा दाराच्या आतल्या बाजूची असतात.

मार्चमध्ये विद्यापीठाची तपासणी समिती आली. प्राचार्यांनी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं. मी वाट बघत होतो की त्या 'नाही'वर कुणीतरी बोट ठेवेल. सदस्यांनी पानं उलटली, रकाने मोजले, अक्षर छान आहे म्हणाले आणि जेवायला गेले. प्राचार्यांनी जाता जाता माझ्या खांद्यावर थाप मारली.

त्या वर्षी ऊस जास्त होता, हंगाम लांबला. मुलीची परीक्षा संपली तरी टोळ्या परतल्या नव्हत्या. अभ्यासक्रम सुरू होणार होता, ती थांबू शकली नाही. तडकलेला मोबाईल आणि एक ट्रंक घेऊन पुण्याला गेली. आईबापांची भेट झाली नाही.

मे महिन्यात एक बाई ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. उन्हाने रापलेली, हाताच्या बोटांना पाचटाचे बारीक काप. पिशवीतून तिने धुतलेल्या फडक्यात बांधलेली दोन पुस्तकं काढली. मुलीच्या दाखल्यासाठी ग्रंथालयाचं येणं नसल्याचा कागद लागत होता आणि पोरीने फोनवर सांगितलं होतं की पुस्तकं आधी त्या सरांना दे.

"बसा," मी म्हणालो.

"बसते. लई गार हाय हितं." ती पंख्याखाली टेकली. "पोरगी गेली तवा आमी फडातच हुतो, सर. तोंड बी न्हाई बघितलं. कालच आलो. वाटंत रिचार्ज बी संपला, चार दिस झालं तिचा फोन न्हाई का मेसेज न्हाई."

मी कागद लिहायला घेतला. तेवढ्यात तिच्या कंबरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. मग पुन्हा. मग थांबेचना, एकामागून एक, शांत ग्रंथालयात टिंग टिंग टिंग. ती दचकली. मोबाईल बाहेर काढून तिने माझ्यापुढं धरला.

"ह्यो कसा काय लागला? रिचार्ज न्हाई तर?"

चांगला मोबाईल होता तो. जुलैत मेकॅनिकने ज्याचं फडकं काढलं होतं तो. त्याची ओळ यादीतून मी काढली नव्हती. समक्ष दाखवल्याशिवाय रद्द करता येत नव्हता. भिंतीवरच्या डबीने त्याला ओळखलं आणि शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी समजून आत घेतलं.

"इथं तुमच्या मोबाईलची नोंद आहे," मी म्हणालो. "मुलीच्या नावाने."

"अगं बया." तिने एकदा भिंतीकडं पाहिलं, मग पडद्याकडं. मुलीने पाठवलेले फोटो एकेक उघडत होते. लोखंडी पलंग. पलंगाशेजारी टेबल. खिडकी, तिच्याबाहेर एक निलगिरीचं झाड. पांढरा कोट घातलेली मुलगी, हसू दाबून उभी. आईने बोटाने चित्र मोठं केलं, कोटाच्या खिशावर टाचलेलं नाव बघितलं. वाचता येत नसावं, पण लांबी ओळखली असावी. "खाट येकटीलाच दिली हो. येवढी मोठी!"

आता नियमाप्रमाणे माझं काम सोपं होतं. जुने उपकरण समक्ष आलं होतं, माझ्या टेबलावर. मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, तिच्या ओळीवर आलो. सातव्या रकान्यातल्या 'नाही'शेजारी लिहिलं, 'आज पाहिले', आणि तारीख घातली. पुढं जुन्या मोबाईलची ओळ लाल शाईने कापायची आणि डबीतून त्याचा पत्ता काढायचा, की मोबाईल लगेच बंद.

"आनि हे चालतं-बोलतं हाय, हे कसं बघायचं, सर?" ती विचारत होती. मुलीने खोलीचा व्हिडिओ पाठवला होता.

मी लाल पेनाचं टोपण लावलं आणि तिला दाखवायला उठलो.